जाधव मॅडमचा चहा

जाधव मॅडम माझ्याशी पहिलंच वाक्य बोलल्या ते धडधडीत खोटं. "अगं ए नवीन पोरी, चहा आलाय, चल लवकर, निवतोय!" दार न वाजवता त्या सरळ भाऊंच्या केबिनमध्ये घुसल्या आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेल्या. पॅसेजमध्ये ना चहा, ना चहावाला. मी इकडेतिकडे बघत विचारलं, "मॅडम, चहा?" तर म्हणाल्या, "घरी जाऊन पी." आणि पदर सावरत समोरच्या आपल्या ऑफिसात निघून गेल्या. मला वाटलं, बाई जरा सटकच दिसतात.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या दुकानांवर, पहिल्या मजल्यावर ही दोन ऑफिसं समोरासमोर होती. एक जाधव मॅडमचं, एक भाऊंचं. भाऊ म्हणजे माझे सीनियर. नाव सांगत नाही आणि कोर्ट कुठलं तेही सांगत नाही, या पट्ट्यातलंच एक समजा. त्यांना सगळेच भाऊ म्हणत. पोलीस म्हणत, पट्टेवाले म्हणत, खालचे सिंधी दुकानदारसुद्धा "भाऊ साईं" म्हणून हात जोडत. अशा माणसाकडे ज्युनियर म्हणून जागा मिळाली तेव्हा बदलापूरला आमच्या घरी आईनं देवापुढे साखर ठेवली होती. आमच्या सात पिढ्यांत कोर्टाची पायरी कुणी चढलं असेल तर ते जमिनीच्या भांडणापायी.

मॅडमच्या चहाची गंमत मला पुढे बाररूममध्ये कळली. म्हणजे तेव्हा ती गंमतच वाटली. कुणी तरी म्हणायचं, "काय मग, आज मॅडमचा चहा आला की नाही?" दुसरा म्हणायचा, "आला ना, भाऊंचं बिस्किट बुडालं!" आणि सगळे टेबलावर थापा मारून हसायचे. जाधव मॅडम कोपऱ्यातल्या आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसून फाइल वाचत असायच्या. मान वर करायच्या नाहीत. त्या विनोदाचा अर्थ मला फार उशिरा समजला. अहो, हसत होते म्हणजे सगळ्यांना माहीत होतं की!

पण ते नंतर. आधी मॅडम कशा होत्या ते सांगायला हवं. ठेंगण्या, सावळ्या, केस मेंदीनं तांबूस झालेले. काळा कोट इतका जुना की खांद्यावर हिरवट दिसायचा. राहायच्या अंबरनाथला, एकट्या. वडील एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामगार होते. त्यांच्या वस्तीतली पहिली वकील मुलगी ती हीच. सनद मिळाली तेव्हा बुद्धविहारात सत्कार झाला होता. त्या दिवसाचा फोटो ऑफिसात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलेला होता. गळ्यात हार, बाजूला कडक इस्त्रीचा सदरा घातलेले वडील आणि मागे सगळी वस्ती दाटीवाटीनं उभी.

भाऊंकडे मी फायली उचलायचे, काम शिकले ते मॅडमकडून. "भाऊ, पोरगी नेते हो आज," असं पॅसेजमधूनच ओरडून त्या मला कोर्टात घेऊन जायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला आरशासमोर उभं केलं आणि बॅण्ड बांधायला शिकवलं. बॅण्ड म्हणजे आम्हा वकिलांच्या गळ्याशी असतात त्या दोन पांढऱ्या पट्ट्या. सनद मिळालेल्या ज्युनियरचा पहिला बॅण्ड सीनियरनं बांधायचा, अशी आमच्याकडे एक प्रेमळ रीत आहे. मॅडम म्हणाल्या, "रीत गेली खड्ड्यात. हा आपला आपण बांधायचा. वाकडा होऊ दे, चालेल. माझा रोज वाकडाच असतो." खरंच असायचा. मला वाटलं, बाई स्वाभिमानी आहेत.

उलटतपास घ्यावा तर त्यांनीच. एकदा कारखान्यात हात सापडलेल्या एका कामगाराची केस होती. समोर सुपरवायझर साक्षीला. मॅडमनी त्याच्याकडून दोन गोष्टी वदवून घेतल्या. एक, मशीनवरची सुरक्षेची जाळी काढलेली होती. दुसरी, ते त्याला ठाऊक होतं. आणि बसल्या खाली. मी मागे चुळबुळत होते. चिठ्ठी लिहून पुढे सरकवली : 'विचारा ना, ठाऊक होतं तर मशीन बंद का नाही केलं?' मॅडमनी ती चुरगाळून पर्समध्ये टाकली. बाहेर आल्यावर तोच सुपरवायझर त्याच्या वकिलाला सांगत होता, "साहेब, त्यांनी विचारलंच नाही, नाहीतर मी सांगणार होतो ना, त्यानंच हट्टानं चालू केलं म्हणून!" मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही, तो प्रश्न उलटतपासात विचारायचा नाही. कितीही जीभ वळवळू दे."

त्यांचं दुसरं पालुपद होतं, "तारीख घे." कोर्टात तर घ्यायच्याच, पण एरवीही तेच. नळाला पाणी नाही, तारीख घे. घरमालक भांडतोय, तारीख घे. "आजचा दिवस ढकलला की निम्मं भांडण मरतं बघ," असं हसत म्हणायच्या. मीही हसायचे.

आणि एका दुपारी भाऊंनी मला आत बोलावलं. एसी चालू आहे म्हणून दार लोटून घेतलं. नंतर कडी लागल्याचा आवाज आला. "बॅण्ड बघ किती वाकडा आहे तुझा. तुझ्या त्या मॅडमसारखाच. ये इकडे, मी नीट करतो." मी म्हणाले, "राहू दे सर, मी करते." तोवर त्यांनी माझं मनगट धरलं होतं. दुसरा हात कोटाच्या आत पाठीवर होता, आणि तो तिथे थांबला नाही. "या कोर्टात माझ्या शब्दाशिवाय कुणी उभं राहत नाही, कळलं ना?" हे ते इतक्या शांतपणे म्हणाले, जणू मला अर्जाचा मसुदा सांगताहेत. ओरडावं असं मनात होतं. आवाजच फुटेना! कॉलेजात वादविवादाच्या ढाली जिंकलेली मी!

आणि दारावर धाडधाड थापा बसल्या. "अगं ए, चहा आलाय! उघडा हो भाऊ, चहा आलाय!" थापा थांबेचनात. शेवटी जुनी कडी निसटली आणि मॅडम दारात उभ्या. त्यांनी पाहिलं. भाऊंचा हात, मी भिंतीला टेकलेली, बॅण्ड लोंबकळतोय, सगळं पाहिलं.

आपल्या ऑफिसात नेऊन त्यांनी मला पाणी दिलं. मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाहिलंत. आपण आत्ताच्या आत्ता तक्रार करू." त्यांनी माझा बॅण्ड सरळ करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग हळूच म्हणाल्या, "तारीख घे, बाळा."

भाऊंनी हात धरला तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का मला त्या शब्दांनी बसला. म्हणजे हे बिस्किट, हे हसणं, हे "चहा आलाय", सगळं वर्षानुवर्षं असंच चाललं होतं? माझ्याआधी किती जणी या दारातून गेल्या? खिडकीतून खाली जीन्सचे गठ्ठे उतरत होते, तिकडे मॅडम बघत बसल्या.

मी तक्रार केली. भाऊंचं ऑफिस लहान, तिथे कसली समिती असणार, म्हणून लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडे केली. साक्षीदार म्हणून एकच नाव लिहिलं, जाधव मॅडमचं. दुसरं होतंच कोण! आणि मग बाररूमचं खरं रूप दिसलं. जे काल हसत होते त्यांना आज काहीच माहीत नव्हतं. "भाऊ? छे छे, देवमाणूस!" माझ्याबरोबरचा एक जण जिन्यात गाठून म्हणाला, "छोड ना यार, करिअर का सोच. साक्षीला कोण येणार तुझ्या?" मी दुसऱ्या कुणाकडे काम मागायला गेले की फॅनकडे बघत म्हणायचे, सध्या गरज नाही. खुर्ची ओढून बसले की शेजारची खुर्ची रिकामी व्हायची. साक्ष झाली नाही तर माझी वकिली तिथेच संपणार होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मलाही.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी जाधव मॅडम बदलापूरला आमच्या घरी आल्या. हातात मिठाईचा पुडा. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, साक्षीची तयारी करायला आल्या. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हर्षदा, बारमधले ज्येष्ठ म्हणतात, आपसात मिटवावं. भाऊ दिलगिरी व्यक्त करतील, चार भिंतींच्या आत. तुला ठाण्याला चांगल्या ऑफिसात लावून देतो म्हणाले. तू अर्ज मागे घे."

मी किंचाळलेच. "मॅडम, तुम्ही? तुम्ही निरोप घेऊन आलात त्यांचा?"

"मी तुझ्यासाठी आले. तुला काय वाटतं, तिथे काय होतं? तुझी साडी कशी होती, तू हसलीस का, आधी किती वेळा आत गेली होतीस, सगळं विचारतील. माणूस आतून सोलून निघतं गं."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना! तुम्ही पाहिलंय!"

एवढा वेळ माझी आई उंबऱ्याशी भाजी निवडत बसली होती. तिला कोर्टाचं काही कळत नाही. तिनं हात थांबवून मॅडमना विचारलं, "मॅडम, माझे पोरीचा खरा हाय का खोटा, तवरा सांगा."

"खरं आहे, ताई."

"मंग तुमी तिला गप कशाला करतांव?"

कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारी बाई आमच्या ओट्यावर मान खाली घालून बसली होती. आईनं आणलेल्या चहाला त्यांनी हात लावला नाही. उठल्या, चपला घातल्या आणि रिक्षाच्या दिशेनं चालत गेल्या. मिठाईचा पुडा तसाच राहिला. मी संतापानं तो शेजारच्या पोरांना वाटून टाकला. संपलं, असं वाटलं. साक्षीदार गेला.

सुनावणीला मी आईला घेऊन गेले. समितीपुढे वकील लावता येत नाही, ज्यानं त्यानं स्वतःच बोलायचं असतं. भाऊ स्वतःच वकील, त्यांना काय फरक पडतो! ते आले ते रुबाबात, अत्तर लावून. अध्यक्षबाईंनी साक्षीदाराचं नाव पुकारलं. भाऊंनी माझ्याकडे बघून हलकंसं स्मित केलं. आणि दारातून जाधव मॅडम आत आल्या. तोच हिरवट कोट, तोच वाकडा बॅण्ड. मला वाटलं, माझे डोळे फसवताहेत.

त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. कोर्टातल्यासारखंच, एक शब्द जास्त नाही. मनगट, कोटाच्या आतला हात, भिंत, कडी. अध्यक्षबाईंनी भाऊंना विचारलं, काही प्रश्न? भाऊ उठले. त्यांचा आवाज लोण्यासारखा होता.

"मॅडम, ज्युनियरचा बॅण्ड सीनियरनं नीट करणं ही आपली रीत आहे की नाही?"

"आहे."

"दार बंद असताना तुम्ही बाहेर होतात?"

"बाहेर होते."

"मग आत बॅण्ड नीट करणं चाललं होतं की दुसरं काही, हे थापा मारण्याआधी तुम्हाला कसं कळलं? सांगा की समितीला."

मॅडमनी चष्मा काढला. "भाऊ, हा प्रश्न मागे घ्या."

"का? उत्तर नाहीये?"

"मागे घ्या म्हणते."

भाऊ हसले. त्यांना उत्तर माहीत होतं. इतक्या वर्षांत ते कधी बदललंच नव्हतं. ही बाई मान खाली घालेल आणि गप्प बसेल, हेच ते उत्तर. पण मॅडमची मान वरच राहिली. त्या टक लावून भाऊंकडे बघत होत्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाचा चेहरा उतरत गेला. खिशातून रुमाल काढून ते अध्यक्षबाईंना म्हणाले, "मॅडम चेअरपर्सन, मला जरा अस्वस्थ वाटतंय. पुढची तारीख मिळाली तर बरं होईल."

अध्यक्षबाई कागद चाळायला लागल्या. तेवढ्यात जाधव मॅडम म्हणाल्या, "तारीख नको. प्रश्न विचारून झालाय. उत्तर लिहून घ्या."

आणि त्या सांगायला लागल्या. "मला कसं कळलं? कारण ह्यांनी माझाही बॅण्ड नीट केला होता. मी ह्यांची पहिली ज्युनियर. सनद मिळाली त्याच आठवड्यात. हेच ऑफिस, हेच दार, हीच कडी. त्या दिवशी बाहेरून कुणी हाक मारली नाही. त्या दारामागे काय होतं, ते मला बाहेरून दिसायची गरज नाही."

आईनं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. भाऊ उभेच होते. अध्यक्षबाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही तेव्हा तक्रार का केली नाही?" मॅडम म्हणाल्या, "वस्तीनं हार घातला होता बाई मला. बाबा सगळ्यांना पेढे देत फिरत होते. त्यांना जाऊन काय सांगू?"

बाहेर आल्यावर टपरीवर मॅडमनीच चहा मागवला. ग्लास हातात देत म्हणाल्या, "घे, आज खरंच आलाय." मी हसायला गेले आणि हमसून हमसून रडले. त्या माझ्या पाठीवर थोपटत राहिल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "चहाची युक्ती मला फार हुशारीची वाटायची गं. एकेका पोरीला बाहेर काढलं की रात्री झोप लागायची. पण बघ ना, पोरींनाच बाहेर काढत राहिले मी. त्याला कधी बाहेर काढलंच नाही." आईनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि मग, तेवढ्याच सहजपणे, मॅडमचंही.

समितीनं भाऊंवर ठपका ठेवला. ते अपिलात गेले, अपील अजून चालू आहे. मॅडमनी मला आपल्या ऑफिसात टेबल दिलं. बाररूममध्ये मात्र त्यांच्या कोपऱ्यातली खुर्ची कुणीतरी उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवली होती. मॅडम त्या दिवसापासून व्हरांड्यातच बसायच्या. "वारा चांगला येतो," म्हणायच्या. पुढच्या थंडीत अंबरनाथच्या घरी, झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. ऑफिसची चावी मला द्यावी, असं त्यांनी भाचीला सांगून ठेवलं होतं.

बारनं शोकसभा घेतली. एकेक जण उठून बोलला. मॅडम किती मितभाषी होत्या, कुणाबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही, सगळ्यांना चहा पाजायची त्यांना भारी हौस! हो, हेही म्हणाले. समितीतल्या साक्षीबद्दल एकाच्या तोंडून चकार शब्द नाही. फोटोला पहिला हार कुणी घातला असेल? भाऊंनी. मग दोन मिनिटं स्तब्धता पाळायची म्हणून सगळे उभे राहिले. या लोकांना गप्प उभं राहायला वेगळी सूचना कशाला द्यावी लागते, असं माझ्या मनात आलं. मी उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या त्यांच्या खुर्चीत बसले.

आता समोरच्या ऑफिसात नवी ज्युनियर आली आहे. अंबरनाथची, लाजरी, सगळ्यांना वाकून नमस्कार करणारी. तिला कुणीही काहीही सांगितलं नव्हतं. इतकं होऊनही पोरी तिथे येतात आणि त्यांना येऊ दिलं जातं, याचा धक्का मला अजून पचलेला नाही. मी तिला बोलवून सगळं सांगायचं ठरवत होते. तेवढ्यात, परवा दुपारी, समोरचं दार लोटलं गेल्याचा आवाज आला.

मी पॅसेज ओलांडला. कडी अजून घातली नव्हती. मी दार ढकललं. पोरगी टेबलाला टेकून उभी होती आणि तिचा बॅण्ड भाऊंच्या बोटांत होता. 'चहा आलाय' हे शब्द माझ्या जिभेवर आयते आले होते. इतकी वर्षं त्या दारात तेच बोललं गेलं होतं. मी ते गिळले.

"भाऊ, तिच्या अंगावरचा हात काढा," मी म्हणाले. ओरडूनच म्हणाले. खाली जीन्सच्या दुकानातली शिलाईची मशीनं थांबली, माणसं जिन्यात येऊन वर बघायला लागली. भाऊंनी हात काढला. मी दार सताड उघडं ठेवलं, पोरीला माझ्या ऑफिसात आणून आरशासमोर उभं केलं आणि तिचा बॅण्ड तिच्याच हातात दिला. चहा आम्ही नंतर मागवला.